भाकरी केंद्राची खोली बदलली, त्याची हकिगत

सोलापुरात कडक भाकरीचं काम करणाऱ्या बायकांचे मला अधूनमधून फोन येतात. "ताई, तुम्ही शेड बदललं म्हणे? अनुदान खरंच मिळतं का? किती खेटे पडले?" दर वेळी तेच सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आमचं केंद्र सासूबाईंनी चालू केलेलं. आम्ही सहाजणी आहोत. मालदांडी ज्वारी दळून आणायची, पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग मंद तव्यावर कापडाने दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. नीट वाळलेली भाकरी महिना-दोन महिने टिकते. पुण्या-मुंबईचे लोक शेंगाचटणीबरोबर डझनांनी घेऊन जातात.

काम चालायचं घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. खोली दहा बाय चौदा, पत्रा नऊ फुटांवर. चारही शेगड्या पश्चिमेच्या भिंतीला लागून, कारण नळी तिथपर्यंतच पोचायची. दार एकच, पूर्वेला. खिडकी होती, पण पीठ उडतं आणि ज्योत हलते म्हणून ती बंदच. पंखाही होता. तो लावला की दोन गोष्टी व्हायच्या: गॅस भकभकायचा, आणि परातीतल्या भाकरीच्या कडा सुकून तिला चिरा पडायच्या. चिरलेली भाकरी टम्म फुगत नाही, आणि फुगली नाही ती नीट कडकही होत नाही. त्यामुळे पंखा फक्त जेवताना चालू.

मे 2023 मध्ये आमच्यातली एकजण तव्यासमोरच चक्कर येऊन पडली. मनगट तव्याच्या कडेला लागून भाजलं. दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पिता? ती गप्प. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पाणी प्यायलं की मग जायचं कुठं?" केंद्रात संडास नव्हता. घराचा संडास वापरा असं मी सांगितलेलं होतं, पण घरात सासरे झोपलेले, पाहुणे आलेले, बायका संकोचतात. सकाळी यायच्या त्या दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढायच्या. लघवीला जळजळ होते ही तक्रार तर जवळजवळ प्रत्येकीची होती. ती उन्हाळ्याचीच म्हणून कुणी बोलत नव्हतं.

उन्हाळ्यात सरकारच्या सूचना येतात, दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका. आम्ही बाहेर पडतच नव्हतो. आमचं ऊन छपराखालीच होतं. त्याच यादीत आणखी एक ओळ असते: भर दुपारी स्वयंपाक टाळा, आणि करायचाच तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ज्यांचा धंदाच स्वयंपाक आहे त्यांनी काय करायचं, ते त्यात नाही.

कायदा तरी काही म्हणतो का, तेही पाहिलं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमात कलम 13 हवा आणि तापमानाचंच होतं. कामाच्या खोलीत पुरेशी हवा खेळती हवी, छप्पर आणि भिंती अशा हव्यात की आतलं तापमान वाढू नये. वाचून बरं वाटलं. पण आपल्या राज्यात तो कायदा वीज वापरणाऱ्या जागी वीस आणि वीज नसेल तिथे चाळीस कामगार असले तरच लागू होता. आम्ही सहाजणी.

जूनमध्ये मी तापमान आणि दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र मागवलं, चारेकशे रुपयांचं. हे पहिलं काम कराच. ते भिंतीला उंच टांगू नका, शेगडीच्या अगदी जवळही नको. बाई जिथे उभी राहते तिथे, तिच्या छातीच्या उंचीवर लावा, आणि दिवसातून तीन-चारदा आकडा वहीत लिहा. उन्हाळा सरत आला होता, तरी बाहेर सावलीत 38 असताना तव्यापुढे 44-45 दिसायचं. ही वही पुढे कामी आली.

उष्णतेइतकाच मला घाबरवून गेला तो दमटपणाचा आकडा. सोलापूरची हवा कोरडी, मग आत एवढी दमट कशी? हिशोब साधा आहे. एक किलो ज्वारीच्या पिठाला जवळपास तेवढंच पाणी लागतं. दिवसाला 40 किलो पीठ, म्हणजे 40 लिटरच्या आसपास पाणी. कडक भाकरीत पाणी ठेवायचंच नसतं, ते सगळं वाफ होऊन त्याच दहा बाय चौदात जायचं. अशा हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पत्रा तापतो हे सगळ्यांना कळत होतं. वाफेकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

लोक म्हणाले, कूलर लावा. इथे आमच्या मालाची अडचण आहे. डेझर्ट कूलरची हवा ओली असते, कडक भाकरी तासाभरात सादळते. सादळलेली भाकरी पिशवीत गेली की आठवड्यात बुरशी. त्यामुळे पापड, कुरडई, शेवया, कडक भाकरी असलं काही करणाऱ्यांनी कूलरचा विचार करायच्या आधी हे लक्षात घ्या.

पैसे नव्हते तेव्हा जे जमलं ते असं. पत्र्यावर चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात मारले, मजुरी धरून अठराशे रुपये. दुपारी पत्र्याला खालून हात लावता येऊ लागला, एवढा फरक. पावसात चुना उतरतो, दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. कामाची वेळ पहाटे साडेपाच ते साडेदहा केली. ती सगळ्यांना सोयीची नव्हती. दोघींच्या मुलांची शाळा सकाळची. आणि खरी मेख मजुरीत होती. आमच्याकडे नगावर पैसे, भाकरीमागे दोन रुपये. दहा मिनिटं बसलं की पाच-सात भाकऱ्या गेल्या. "थांबा, पाणी प्या" असं मी कितीही सांगितलं तरी थांबणार कोण? एप्रिल-मेपुरती दिवसाची मजुरी ठरवून दिली, मग बायका आपणहून थांबू लागल्या. माझं त्यात नुकसान झालं का? थोडं. पण माणसं टिकली.

नोव्हेंबर 2023 मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची माहिती काढली. आपल्या राज्यात ती कृषी विभागाकडे आहे. तेव्हाचे नियम थोडक्यात सांगते: बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती असते, ती अर्ज भरून देते, प्रकल्प अहवाल करून देते. तिचं मानधन सरकार देतं, आपण एक रुपयाही द्यायचा नाही. "अनुदान काढून देतो, दहा टक्के माझे" म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

कागद गोळा करण्यात महिना-सव्वा महिना गेला. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे. सरकारी वाटावीत अशी नावं लावून पैसे घेणाऱ्या वेबसाइट फिरतात, त्या टाळा. अन्न सुरक्षेची नोंदणी तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला शंभर रुपये वर्षाचे होते. मी पाच वर्षांची एकदम केली, पाचशे रुपये. आधार, पॅन, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, लाईटबिल, घरपट्टीची पावती. जागा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर. प्रत्येक वस्तूची कोटेशन. विक्रीचा पुरावा मागतील, म्हणून रोख विक्रीचीही वही ठेवा आणि जमेल तेवढे पैसे खात्यातून फिरवा.

अहवाल करतानाच पहिली अडचण आली. आमची गरज छप्पर, खिडक्या, मोरी आणि संडास यांची. योजना मुख्यतः यंत्रांसाठी. बांधकाम धरता येतं, पण एकूण खर्चाच्या 30 टक्क्यांच्या आत. एक विक्रेता तर अहवाल पुरा व्हायच्या आधीच भाकरीचं ऑटोमॅटिक मशीन घेऊन हजर, तासाला इतक्या भाकऱ्या वगैरे. आमच्यात सगळ्यात थोरल्या आहेत त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. त्यांनी मशीनची भाकरी हातात घेतली, मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "गिऱ्हाईक हिच्यासाठी सोलापूरला येतंय व्हय?" विषय संपला.

मला यातून एक गोष्ट उमगली, ती दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल. वाफ आणि गरम हवा ओढणारा हूड, त्याचा ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) आणि डक्ट (हवा बाहेर नेणारा नळ) हे बांधकामात नाही, यंत्रसामग्रीत धरता येतं. शेगड्यांचा सेट, पीठ मळायचं यंत्र, स्टीलचे ओटे, जाळीच्या रॅक, पिशव्या बंद करायचं सीलिंग मशीन हेही यंत्रसामग्रीत. अशा रीतीने 6 लाखांचा प्रकल्प बसला: यंत्रसामग्री 4 लाख 30 हजार, बांधकाम 1 लाख 70 हजार. आमचे 60 हजार, कर्ज 5 लाख 40 हजार, अनुदान 2 लाख 10 हजार. संडास आणि हातपाय धुवायची मोरी यात बसली नाही. ते 42 हजार भिशीतून उभे केले, आणि अनुदानाची वाट न बघता ते काम आधी उरकलं. सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असं कुणी विचारलं तर मी अजूनही संडासच म्हणते. बायका पाणी पिऊ लागल्या. मोरीशेजारी माठ ठेवला आणि लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ असं करून एक कळशी भरून ठेवतो; चमचा चहाचा, सपाट.

जानेवारी 2024 मध्ये जिल्हा समितीची शिफारस झाली, फाईल बँकेत गेली. बँकेचं नाव घेत नाही. साहेब पाहणीला आले ते जानेवारीच्या शेवटी, सकाळी दहाला, स्वेटर घालून. खोलीत शिरून म्हणाले, "इथे तर छान ऊबदार आहे की." मग अहवाल चाळत, "मॅडम, यात मशीन कमी आणि खिडक्याच जास्त दिसतात. उत्पादन कसं वाढणार?" मी मालाची वही पुढे केली. मे महिन्यात रोज किती भाकऱ्या झाल्या, डिसेंबरात किती, तेवढ्याच बायका, तेवढ्याच शेगड्या. मेचा आकडा डिसेंबरच्या दोन-तृतीयांशही नव्हता, आणि भाकरीची ऑर्डर परत केल्याच्या नोंदी होत्या. हे त्यांना पटलं. बँकेला बायांचा घाम दाखवून उपयोग नाही, बुडालेला माल दाखवा.

नंतर तारणाचा घोळ. शाखेतून सांगण्यात आलं की एफडी ठेवा किंवा घराचे कागद द्या. लघुउद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हा होताच. मी तसं लेखी विचारलं, "तारण हवं असल्यास कृपया पत्राने कळवावे." पत्र काही आलं नाही, मागणीही पुन्हा झाली नाही. मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली, माणसं निवडणुकीच्या कामाला गेली. 7 मे रोजी आमच्याकडे मतदान. तो उन्हाळा आम्ही चुना आणि पहाटेच्या कामावरच काढला. त्या दिवसांत फार वैताग आला होता. एकदा तर सगळे कागद कपाटात टाकून दिले होते. मंजुरीपत्र जुलैमध्ये हातात पडलं.

मधल्या वेळेचा एक फायदा झाला. नात्यातली एक मुलगी आर्किटेक्चर शिकते, ती सुट्टीत आली होती. तिने एक अख्खी सकाळ कोपऱ्यात बसून नुसतं पाहिलं, आणि मग खडूने जमिनीवर आमच्या येण्याजाण्याच्या रेघा मारल्या. पाण्याचं पातेलं एका टोकाला, पीठ दुसऱ्या, कडक झालेल्या भाकऱ्यांचा ढीग तिसऱ्या. आणि मधल्या सगळ्या रेघा तव्यावरच्या बायकांच्या पाठीमागून. म्हणजे पीठ मळणारीलाही शेगडीची धग. नवीन मांडणीत तिने शेगड्या एका कडेलाच ठेवल्या आणि मळणं, थापणं आगीपासून दूर आणलं. वाळवायच्या रॅक आडभिंतीपलीकडे.

ओट्याची उंची हा वेगळाच विषय निघाला. बाजारात तयार ओटा 34 इंचांचा. त्यावर परात ठेवली की पाच फुटांच्या बाईचे खांदे वर चढतात. भाकरी थापताना जोर वरून, अंगाच्या भाराने लागतो. खांदे चढले की तो सगळा जोर मनगटावर आणि मानेवर येतो. ओटा 29 इंचांचा करून घेतला. फॅब्रिकेटर "चुकून सांगताय का" म्हणून फोन करून विचारत होता. दोघी जरा उंच आहेत, त्यांच्या परातीखाली लाकडी पाट. अक्कांना उभं राहणं मानवत नाही. त्यांच्यासाठी खाली चौरंगाची जागा ठेवली, दाराच्या वाऱ्यावर. सगळ्यांना उभंच करायला हवं असं काही नाही.

ऑगस्टमध्ये काम काढलं. छप्पर बारा फुटांवर नेलं, साध्या पत्र्याऐवजी पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं. एक सूचना: पफ पेट घेतो, शेगडीच्या डोक्यावर तो नको. आम्ही तेवढ्या पट्ट्यात रॉकवूलचं (न पेटणाऱ्या दगडी धाग्यांचं) पॅनल घातलं, थोडे पैसे जास्त गेले. हवा जमिनीलगतच्या जाळ्यांतून आत येते आणि हूडमधून वर ओढली जाते, त्यामुळे वारा ज्योतीवर येत नाही, थापलेल्या भाकरीवरही येत नाही. पंख्याचा जुना तिढा असा सुटला. खालच्या जाळ्यांना दुसरंही कारण आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वरच्या खिडकीने तो जात नाही. सिलिंडर आता बाहेर पिंजऱ्यात, 19 किलोचे व्यावसायिक, तांब्याच्या पाइपने आत. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नका; बेकायदा आहेच, आणि काही झालं तर विमाही अडतो.

पाऊस मध्ये आला, गवंडी गणपतीला गावी गेला, महिन्याचं काम अडीच महिन्यांवर गेलं. तोवर आम्ही अंगणात ताडपत्रीखाली दोनच शेगड्यांवर निम्मा माल काढला. दिवाळीच्या आधी नव्या खोलीत काम सुरू झालं आणि आठवड्यात शेजारचे काका भांडायला आले. आमच्या डक्टचं तोंड नेमकं त्यांच्या खिडकीसमोर. आमची वाफ, आमची धग त्यांच्या देवघरात. ते बरोबरच होतं. डक्ट त्यांच्या गच्चीच्या वर नेला, नऊ हजार वाढले. कोटेशन घेतानाच डक्ट कुठे उघडणार हे उभं राहून ठरवा. ब्लोअरचा आवाजही आधी ऐकून घ्या. आमचा घोंघावतो, आता रेडिओ ऐकू येत नाही अशी बायकांची तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

अनुदान मंजूर झाल्याचं जानेवारी 2025 मध्ये कळलं. ते आपल्या हातात येत नाही. कर्जखात्याला जोडून वेगळं ठेवलं जातं. तीन वर्षं खातं नीट चाललं आणि युनिट चालू राहिलं तर कर्जात वळतं होतं. म्हणून अनुदान आलं की उधारी फेडू, असा हिशोब कुणी मांडू नका.

खरी परीक्षा 2025 च्या एप्रिलमध्ये झाली. वहीच सांगते: बाहेर 41-42 असताना तव्यापुढे आता त्याहून एखाद-दोन अंशच जास्त. म्हणजे आत गारवा आहे असं नाही. उन्हाळा उन्हाळाच आहे, पण पूर्वी त्यावर आम्ही आमच्याच खोलीचा सहा-सात अंशांचा उन्हाळा चढवत होतो, तो बहुतेक गेला. दमटपणाचा आकडा जवळपास बाहेरच्याएवढा आहे, घाम वाळतो. भाकऱ्याही लवकर कडक होतात, कारण वाफ खोलीत राहत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बँकेच्या साहेबांना मी तेच पहिल्यांदा सांगितलं असतं. एप्रिलचा माल डिसेंबरच्या जवळ आला. मेचं मात्र काही सांगता येत नाही, त्या वर्षी मेमध्ये पाऊसच लागून राहिला. तेव्हा नवीन काळजी: दाराबाहेर नुसता ओलावा आणि रॅकवरच्या भाकऱ्या सादळायला लागलेल्या. रॅकच्या खोलीला खाली जाळ्या आहेत त्यांना सरकती झडप हवी, ती बसवायची आहे.

दिवसाची मजुरी ठरवून द्यायची पद्धत आम्ही मार्च ते मे कायम केली आहे. पश्चिमेची भिंत अजूनही तापते. सध्या तिच्यावर हिरवी शेडनेट बांधली आहे, हप्ता जरा हलका झाला की बाहेरून पडवी काढायची आहे. कुणाला कोटेशन किंवा अहवालाचा नमुना पाहायचा असेल तर केंद्रावर या. काम चालू असतानाच या, म्हणजे खोलीही बघता येईल.